बेडकांवर मीठ टाकून कुत्री वाचत नाहीत

आज सकाळी सोसायटीच्या बागेत नळापाशी दोन-तीन भेक (खडबडीत कातडीचे बेडूक, इंग्रजीत टोड) पडलेले दिसले. अंगावर जाडं मीठ, कातडी आक्रसलेली, एकाचा मागचा पाय अजून हलत होता. ग्रुपवर विचारलं तर उत्तर आलं, "कुत्र्यांच्या सेफ्टीसाठी." त्याखाली अंगठ्यांची रांग. डोकंच फिरलं माझं.

कुत्र्यांची काळजी मला कुणी शिकवू नये. गेल्या पावसाळ्यात आमच्या सोनीनेच पार्किंगमध्ये भेक तोंडात धरला होता. लगेच टाकला, पण तेवढ्यात तोंडाला फेस, हिरड्या लालभडक, पुढच्या पंजांनी थोबाड ओरबाडत नुसती गोल गोल फिरत होती. कुणी दूध आणलं, कुणी हळद. एका गृहस्थांनी तर "पिसाळली, पिसाळली" म्हणून पोरांना वर पिटाळलं. फोनवर डॉक्टर सांगत होते: ओल्या फडक्याने हिरड्या, जीभ, गालांच्या आतली बाजू पुसा. फडकं धुवा, पुन्हा पुसा. पाणी मारायचं तर तोंड खाली धरून बाजूने मारा, घशात जाता कामा नये. आणि मग घेऊन या.

यात मीठ कुठे आलं?

भेक काही कुत्र्यावर धावून जात नाही. त्याच्या डोळ्यांमागे फुगीर ग्रंथी असतात. दातांत दाबल्या गेल्या की पांढरं चिकट विष बाहेर येतं आणि हिरड्यांतून अंगात भिनतं. बरेचदा लाळ आणि उलटीवर निभावतं. पण पिल्लू लहान असेल किंवा भेक गिळला असेल, तर हृदयाचे ठोके बिघडतात, झटके येतात, जीवही जाऊ शकतो. धोका आहे, मान्य. म्हणून पावसाळ्यात रात्री पट्टा सोडायचा नाही, बॅटरी घेऊन फिरायचं आणि पाण्याचं भांडं रात्रभर बाहेर ठेवायचं नाही, कारण भेक त्यातच येऊन बसतात. एवढं तरी करता का? पट्टा सोडून मोबाइलमध्ये डोकं घालणारे हेच लोक मीठ घेऊन पहिले हजर!

त्यात भेकांपासून सावध करणारं ते ग्रुपवरचं फॉरवर्ड. फोटो केन टोडचा, म्हणजे परदेशातल्या एका मोठ्या विषारी भेकाचा. तो 1935 साली उसावरचे भुंगेरे खायला म्हणून ऑस्ट्रेलियात नेऊन सोडला. आपल्या बागेतला भेक तो नव्हेच. खाली न्यूटबद्दल इशारा, म्हणजे पालीसारखा दिसणारा, शेपटीवाला बेडकाचा भाऊबंद. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरचा खरबरीत कातडीचा न्यूट खरोखर जहाल असतो, पफरफिश या विषारी माशात असतं तेच विष त्याच्यात. पण न्यूट महाराष्ट्रात नाहीतच. भारतात ते दार्जिलिंग, सिक्कीम, मणिपूरकडे. कोथरूडमध्ये कसले शोधताय? आणि दिव्याखाली किडे, वाळवी फस्त करणारे आपले भेक मात्र मारायचे.

बरं, आता थोडं शांत होऊन लिहिते. ज्या काकूंचं पिल्लू परवा आजारी पडलं, त्यांच्यावर माझा राग नाही. सोनी तशी फिरत होती तेव्हा माझेही हात थरथरत होते, फडकं धड पिळता येत नव्हतं. काकू, आज रात्री फिरवायला मी येते तुमच्याबरोबर. तोंड कसं पुसायचं तेही दाखवते.

फेस दिसला म्हणजे कुत्रं पिसाळलंच असं नसतं, हे सोनीच्या वेळी ओरडणाऱ्यांनी ध्यानात घ्यावं. हो, रेबीजही असू शकतो, म्हणून अनोळखी कुत्र्याच्या तोंडात हात घालू नका, प्राणिमित्रांना बोलवा. पण काठी उचलू नका.

आणि एक. कोथरूड-वारजे भागात रात्री उशिरा खरोखर उघडा असणारा व्हेट माहीत असेल तर खाली लिहा. सोनीला मांडीवर घेऊन आम्ही बंद शटरसमोर उभे होतो, पाटीवर मात्र चोवीस तास लिहिलेलं. तुम्ही स्वतः रात्री गेला असाल तरच नाव द्या, ऐकीव नको.