परत नवं सॉफ्टवेअर!

बेळगावच्या उद्यमबागेतल्या आमच्या फौंड्रीत परत नवा ईआरपी (साठा, उत्पादन, बिलं सगळं एकत्र सांभाळणारं सॉफ्टवेअर) येतोय. अहो, जुनाच अजून कुणाच्या अंगवळणी पडला नाही! हीट नंबर (भट्टीतल्या प्रत्येक घाण्याचा नंबर), ओतलेलं वजन, रिजेक्शन, सगळं आधी वहीत, मग एक्सेलमध्ये, मग रात्री सिस्टीममध्ये. एवढं करून साठा जुळत नाही तो नाहीच. १ ऑगस्ट २०२३ पासून ५ कोटींवरच्या उलाढालीला ई-इन्व्हॉइस सक्तीचं झालं, ते बरोबर शिकले सगळे, कारण त्याशिवाय बिलच ग्राह्य नाही. बाकीचं का अडलं? भट्टीवरच्या माणसाला कुणी विचारलंच नाही! ट्रेनिंग एका दुपारीत उरकलं, तेही इंग्रजीतून, फक्त केबिनवाल्यांना. मोल्डिंगवाले, म्हणजे साचे करणारे, मराठी-कन्नड बोलणारे. नोंद तेच करणार ना? मग या खेपेला डेमोला आधी त्यांना बसवा की!