पेन्शनचा वाद आणि गोळाफेकीची खुर्ची

सैनिकांच्या अपंगत्व पेन्शनवरून मायदेशातले व्हॉट्सॲप ग्रुप पुन्हा पेटलेत, आणि मी ते इथे इंग्लंडमध्ये बसून वाचतोय. वाद जुनाच आहे. जून २०१९ मध्ये पत्रक निघालं की अपंगत्वामुळे ज्यांना सेवा सोडावी लागली त्यांनाच या पेन्शनवर करमाफी, मुदत पूर्ण करून निवृत्त झालेल्यांना नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये नवे नियम आले आणि अपंगत्व येऊनही सेवेत राहिलेल्यांच्या रकमेला ‘इम्पेअरमेंट रिलीफ’ असं नाव मिळालं. एक गट म्हणतो, बीपी-शुगरच्या नावावर अपंगत्व पेन्शन घेणारे साहेब लोक तिजोरी लुटतायत. दुसरा म्हणतो, फौजीबद्दल ब्र काढाल तर याद राखा. एका मुद्द्यावर मात्र दोघांचं जमतं: ‘खऱ्या’ जखमी जवानाची चिंता नको, त्याच्यासाठी खेळ आहेत, पदकं आहेत, बक्षिसं आहेत.

हे वाक्य माझ्या डोक्यात जातं. खेळ हे जखमी सैनिकाचं बक्षीस नव्हेच, तो उपचार आहे आणि तो वेळेवर मिळावा लागतो. इंग्लंडमधल्या स्टोक मँडविल रुग्णालयात डॉक्टर लुडविग गुटमान यांनी १ फेब्रुवारी १९४४ रोजी मणक्याच्या जखमींसाठी विभाग उघडला, तेव्हा असे रुग्ण बेडसोर, म्हणजे पडून पडून झालेल्या जखमा, आणि लघवीच्या संसर्गाने मरत. त्यांनी दर दोन तासांनी कूस बदलायची शिस्त लावली आणि हातात धनुष्य दिलं, कारण त्याने खांदे आणि पाठ मजबूत होते. २९ जुलै १९४८ ला तिथल्या हिरवळीवर सोळा जणांनी बाण सोडले. पॅरालिम्पिकचं मूळ ते. पदकाचा विचार फार पुढचा.

आणि हे आपल्याला ठाऊक नव्हतं असं कुणी सांगू नये. पुण्याचं कृत्रिम अवयव केंद्रही १९४४ चंच. खडकीचं पॅराप्लेजिक रिहॅबिलिटेशन सेंटर १९७४ पासून आहे. त्याच्याही आधी, १९७२ ला हायडेलबर्गमध्ये सांगली जिल्ह्यातल्या पेठचे मुरलीकांत पेटकर ५० मीटर ३७.३३ सेकंदांत पोहले आणि भारताला पहिलं पॅरालिम्पिक सुवर्ण मिळालं. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागलेला ईएमईचा, म्हणजे लष्कराच्या यंत्र-दुरुस्ती शाखेचा जवान. पद्मश्री मिळाली २०१८ ला! जवान होकाटो सेमा यांचा पाय २००२ मध्ये काश्मीरमधल्या चौकीबळला सुरुंगात गेला आणि गोळाफेकीचा गोळा हातात आला २०१६ ला, पुण्यात. पॅरिस पॅरालिम्पिकला १४.६५ मीटरवर कांस्य मिळालं तेव्हा ते चाळिशीचे होते. सगळ्यांनी पदकाचे फोटो फिरवले. मधली चौदा वर्षं कुणाच्या खात्यावर टाकायची, हे मला त्या ग्रुपमध्ये विचारावंसं वाटतं.

सेमांच्या एफ-५७ या बसून फेकणाऱ्यांच्या गटात गोळा चार किलोचा असतो. बसायला लोखंडी किंवा ॲल्युमिनियमची खुर्ची लागते, उशीसकट ७५ सेंटिमीटरपेक्षा उंच नको. पुढे धरायला एक उभा दांडा, सांध्याशिवाय, न वाकणारा. बैठक सीटवरून उचलली गेली की फाउल. खुर्ची जमिनीतल्या हुकांना न ताणणाऱ्या पट्ट्यांनी आवळतात. पट्टी जरा सैल राहिली तर फेकताना खुर्ची मागे सरते आणि खांद्याचा जोर गोळ्याऐवजी तिच्यात जातो. तालुक्याच्या मैदानावर हुक नसतात. मग पहारी ठोकतात, ओल्या मातीत त्या उपटून येतात, शेवटी चार पोरं खुर्ची धरून बसतात. अशा सरावाने काय अंतर वाढणार?

शरीराची काळजी याहून किचकट. गुडघ्याखाली पाय गेलेल्याचा स्टम्प, म्हणजे उरलेला भाग, दिवसभरात आटतो, तो ज्यात बसतो ते कृत्रिम पायाचं सॉकेट सैल होतं, हाड तळाला टेकतं. म्हणून मोज्यांचे थर वाढवत जायचे. स्टम्पवर चढवायच्या सिलिकॉन लायनरमध्ये घाम साचला की पाय निसटतो, तेव्हा थांबून पुसायचं आणि रात्री लायनर धुवायचा. मणक्याची इजा असेल तर सरावानंतर आरशात बैठकीची त्वचा पाहायची. लाली अर्ध्या तासात गेली नाही तर ती जाईपर्यंत त्या जागेवर बसणं बंद. इजा छातीच्या सहाव्या मणक्यावर किंवा त्याच्या वर असेल आणि एकाएकी डोकं ठणकायला लागलं, तर आधी सरळ बसवा, पट्टे सोडा, कॅथेटरची, म्हणजे लघवीची नळी दुमडलीय का बघा. रक्तदाब भडकलेला असतो, नळी मोकळी करूनही उतरला नाही तर थेट दवाखाना. हे ज्याला ठाऊक असतं तो बहुधा स्वतः त्यातून गेलेला माजी सैनिक असतो. कारगिलमध्ये जखमी झालेले मेजर डी. पी. सिंग ब्लेडवर, म्हणजे धावण्यासाठीच्या कृत्रिम पायावर धावले आणि २०११ ला त्यांनी ‘द चॅलेंजिंग वन्स’ ही संस्था उभी केली, ती याच कामासाठी: आधी पाय गमावलेल्याने नंतर गमावलेल्याला उभं करायचं.

इकडे जखमी सैनिकांची इन्व्हिक्टस स्पर्धा २०१४ ला सुरू झाली. काउन्सिलच्या, म्हणजे इथल्या पालिकेच्या, क्रीडा केंद्राला माणसाला पाण्यात उतरवणारा पूल हॉइस्ट असतो, अपंगांसाठीच्या ‘रडार की’ या किल्लीने टॉयलेट उघडतं. हे सांगताना माझी मान जरा ताठ होते, नाकारत नाही. पण कायद्याचं बोलायचं तर इंग्लंडची बढाई मारू नये. इथे एप्रिल २००५ पासून सैनिकांच्या भरपाईची नवी योजना आली आणि इजा सेवेमुळेच झाली हे दाखवायचं ओझं सैनिकावर आलं. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने २०१३ ला धरमवीर सिंग खटल्यात उलट सांगितलं: भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल तर जवान धडधाकट होता असंच मानायचं, नाही म्हणणाऱ्याने सिद्ध करावं. शुगरवाल्यांवर हसणाऱ्यांनी हा निकाल एकदा वाचावा. इथल्यासारखी दारं तिकडे हवीत, पण तिकडचं हे गृहीतक सोडून नव्हे.

‘तू तिकडे बसून शिकवू नकोस,’ असं उत्तर येईल. ठीक. कर इथे भरतो, नोव्हेंबरात इथल्या सैनिकांच्या स्मरणाचं पॉपीचं फूल कोटाला लावतो आणि ७ डिसेंबरचा ध्वजदिन कॅलेंडरमध्ये बघावा लागतो. शाळेत त्या तिकिटाचे पैसे आईकडून हट्टाने मागून नेले जायचे. ते आता आठवणीतच उरलंय, आणि इथल्या मराठी मंडळाच्या मदत मोहिमांत आमचा जो उत्साह उतू जातो, त्यात थोडी ही टोचणीही आहे.

त्या मोहिमांबद्दल मात्र स्पष्ट बोलतो. वापरलेल्या बास्केटबॉल व्हीलचेअर गोळा करून कंटेनरने धाडू नका. ती खुर्ची एका माणसाच्या कमरेच्या मापाने बनलेली असते. दुसरा बसला की कडेला जागा राहते, तो आत घसरतो, कातडी सोलते. ट्यूब गेली तर त्या मापाची तिकडे मिळत नाही आणि खुर्ची कोठारात गंजते. तेच पैसे फेकीची खुर्ची वेल्डिंग करून देणाऱ्या स्थानिक कारागिराला द्या, माप घ्यायला फिजिओथेरपिस्ट सोबत पाठवा, आणि जिल्हा क्रीडा संकुलाला काँक्रीटमध्ये हुक बसवायला लावा. आमच्या मंडळींना हे पटत नाही. हुकांसोबत फोटो चांगला येत नाही म्हणे.