तीन पायांचा पुलर

माझ्या भाच्याने इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला असताना मित्रांसह एक गो-कार्ट, म्हणजे शर्यतीची छोटी उघडी गाडी, बनवली, ती घेऊन तो कुठल्याशा आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेला गेला आणि पुढे पुण्यात नोकरीला लागला. स्पर्धेचे प्रमाणपत्र त्याच्या घरी भिंतीवर आहे आणि कार्ट राजारामपुरीत माझ्या अंगणात आहे. ही वाटणी नेमकी कधी झाली, हे मला कोणीही कळवले नव्हते. मधल्या काळात कोल्हापूरचा पाऊस ताडपत्रीला न जुमानता तिच्या मागच्या ॲक्सलवर मुक्कामाला राहिला, आणि आता गिऱ्हाईक मिळण्याची चिन्हे दिसू लागताच भाच्याचा फोन आला, ‘‘मामा, तेवढी मागची बेअरिंग काढून ठेवाल का? दोनच आहेत.’’

‘दोनच आहेत’ असे म्हणणाऱ्याने गो-कार्टचा ॲक्सल स्वतःच्या हाताने कधी उतरवला नसावा, असा माझा संशय आहे. मोटारीत मागच्या दोन चाकांच्या मध्ये, वळताना त्यांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा डिफरन्शियल असतो; कार्टमध्ये तो नसतो. एकच सरळसोट दांडा आणि दोन्ही चाके त्याच्यावर घट्ट बसवलेली. वळताना आतले चाक किंचित उचलले गेले तरच ही गाडी नीट वळते. दांडा एकच असल्यामुळे चाकांचे हब, ब्रेकची डिस्क, साखळीचे स्प्रॉकेट आणि दोन्ही बेअरिंग अशी सगळी मंडळी त्याच्यावर एकापाठोपाठ ओवलेली असतात. नवरात्रात अंबाबाईच्या रांगेत मधोमध सापडलेल्या माणसासारखी आतल्या बेअरिंगची अवस्था असते. पुढचे सगळे हलल्याशिवाय त्याची सुटका नाही. येथे तर पुढचे सगळेच गंजून बसले होते.

१९५६ साली कॅलिफोर्नियात आर्ट इंगल्स या गृहस्थाने नळ्या जोडून त्यांवर एक छोटे इंजिन बसवले आणि जगातली पहिली कार्ट तयार केली, असे सांगतात. कॅलिफोर्नियातल्या उन्हात हे विचार सुचणे स्वाभाविक आहे. त्या गृहस्थाला जुलैचा एक आठवडा गगनबावड्याला नेऊन ठेवायला हवे होते; मग त्याने कार्टऐवजी छत्री सुधारली असती.

हब आणि डिस्क मी कसेबसे काढले. प्रत्येक बेअरिंगची आतली रिंग मात्र ॲक्सलवर दोन ग्रब स्क्रूंनी, म्हणजे बिनडोक्याच्या बारक्या स्क्रूंनी, आवळलेली असते आणि त्यांना तीन मिलिमीटरची ॲलन चावी लागते. स्क्रूच्या खोबणीत गंज भरलेला, चावी आत बसायला तयार नाही, आणि बसलीच तर खोबणीचे कोपरे गोल करून बाहेर येण्याची धमकी देणारी. पाणी वाढले की राधानगरी धरणाचे अजस्र स्वयंचलित दरवाजे आपले आपण उघडतात, आणि त्याच जिल्ह्यात हरभऱ्याएवढा एक स्क्रू माझ्यासारख्या पदवीधराला दाद देत नाही, याचे मला फार वाईट वाटले. मी खोबणी सुईने कोरली, रात्रभर त्यांत गंज सोडवणारे तेल सोडत राहिलो आणि सकाळी चारही स्क्रू सोडवले. हे मी मुद्दाम नोंदवून ठेवतो, कारण याची नोंद अन्यत्र कोठेही झालेली नाही.

स्क्रू सुटले म्हणून बेअरिंग सुटत नाही, कारण स्क्रूचे टोक ॲक्सलमध्ये रुतते तेथे धातू वर उचलला जातो आणि त्या उंचवट्यावरून रिंग सरकत नाही. तो उंचवटा मी बारीक कानशीने घासत बसलो होतो, तेवढ्यात फाटकाची कडी वाजली आणि काठी टेकत समोरचे तात्या आत आले.

तात्यांची उभी हयात उद्यमनगरात ऑइल इंजिने जोडण्यात गेली. निवृत्त झाल्यापासून गल्लीत कोठेही लोखंडावर लोखंड आपटल्याचा आवाज आला, की ते चप्पल घालतात. त्यांनी आधी ॲक्सलकडे पाहिले, मग कानशीकडे, मग बराच वेळ माझ्याकडे.

‘‘सर, बेअरिंग काढायलायसा, का त्याला हळद लावायलायसा?’’

मी उंचवट्याचे शास्त्र समजावून सांगितले. त्यांनी ते डोळे मिटून ऐकले आणि म्हणाले, ‘‘बरोबर हाय तुमचं. वर्गात सांगायला चांगलं हाय.’’ मग त्यांनी आमच्या स्वयंपाकघराच्या दिशेने तोंड करून, ‘‘वहिनी, खुर्ची असंल तर द्या,’’ असा आवाज दिला. खुर्ची आली आणि तिच्यामागून चहाही आला. पहिला कप त्यांना. ज्याच्या हाताला सकाळपासून काळे लागले होते, त्याला दुसरा.

‘‘पुलर हाय का?’’

पुलर म्हणजे बेअरिंगला पायांनी मागून धरून स्क्रूच्या जोरावर बाहेर ओढणारे अवजार. मी माझा दोन पायांचा पुलर दाखवला.

‘‘ह्यो वाकडा ओढतोय. तीन पायांचा लागतोय.’’ तो तीन पायांचा पुलर आणायला कोण गेले? मी. परत आलो तेव्हा अंगणात दूधवाला, शेजारचे पेन्शनर आणि कोणाचा तरी पाहुणा अशी सभा भरली होती. रॉकेल ओता, डिझेल ओता, कोल्ड्रिंक ओता, असे तीन पक्ष पडले होते. गेल्या रात्री तेथे आधीच तेल ओतलेले आहे, हे ऐकण्यात कोणालाही रस नव्हता. या शहरात फाउंड्र्या इतक्या आहेत, की प्रत्येक घरात एखादा तरी माणूस लोखंडाचा नातेवाईक निघतो आणि तो नातेवाईकाच्याच हक्काने बोलतो.

मी पुलर लावला आणि ॲक्सलच्या टोकावर हातोडीचा एक हलका ठोका द्यायला गेलो. ‘‘ठोकू नगा!’’ तात्या खुर्चीतून अर्धे उठले. ‘‘टोक पसरलं की बेअरिंग तर ऱ्हाऊ द्या, तुमचं नशीबसुद्धा त्यातनं भाईर येणार न्हाई. मधी लाकूड धरा.’’ सल्ला योग्य होता, आणि माझा राग नेमका त्यावरच आहे. चुकीच्या सल्ल्याकडे दुर्लक्ष करता येते.

मग आच देण्याचा निर्णय झाला. कोपऱ्यावरच्या फॅब्रिकेशनवाल्याकडून गॅसची शेगडीवजा बंदूक आली. पंचवीस मिलिमीटरच्या भोकाची पोलादी रिंग शंभर अंशांनी तापली, तर ती जेमतेम ०.०३ मिलिमीटर फुगते, आणि तीही आतला ॲक्सल थंड असेल तोवरच उपयोगाची. म्हणून आच पटकन द्यायची आणि पटकन ओढायचे. हे मी बोलून दाखवणार, इतक्यात तात्यांनी हेच दोन शब्दांत सांगितले, ‘‘बिगी बिगी!’’ आणि माझ्या हातातली बंदूक फॅब्रिकेशनच्या पोराकडे गेली. पुलरचा पाना दूधवाल्याने घेतला. मी रिकामा उभा आहे, हे तात्यांच्या लक्षात आले.

‘‘सर, तुम्ही बॅटरी धरा.’’

सकाळचे दहा वाजले होते आणि ऊन लख्ख पडले होते. तरीही मी बॅटरी धरली. मी धरलेली बॅटरी दोनदा ‘जरा खाली’ आणि एकदा ‘आमच्या डोळ्यांत नगं’ अशी दुरुस्तही करण्यात आली.

पाना फिरला, काहीतरी कडाडले आणि सभेने ‘आलं, आलं’ असा गजर केला. आली ती बाहेरची रिंग. गंजलेला पिंजरा फुटून गोळ्या अंगणभर पसरल्या आणि आतली रिंग ॲक्सलवर जशीच्या तशी राहिली. आता तात्या उठले. त्यांनी ग्राइंडरने त्या रिंगमध्ये एक तिरपी खाच पाडून घेतली, ॲक्सलला पाते लागू न देता, अगदी थोडी जाडी शिल्लक ठेवून. मग खाचेत छिन्नी उभी करून एकच घाव घातला. कडक केलेले पोलाद ठिसूळ असते. ‘टण्’ असा आवाज झाला आणि रिंग फुटून निघाली. टाळ्या पडल्या.

आमच्या सौभाग्यवतींनी ‘‘तात्या होते म्हणून झालं’’ असे संध्याकाळपर्यंत फाटकावर येणाऱ्या प्रत्येकाला सांगितले. ही बातमी पुण्यालाही पोहोचली आणि भाच्याने तात्यांचे फोन करून आभार मानले. तेल कोणी ओतले, उंचवटा कोणी घासला, हरवलेल्या गोळ्यांवरून पाय घसरून कोण पडले, याची चौकशी त्याने केली नाही. नव्या बेअरिंगबरोबर ॲक्सलला ग्रीस लावायचे असते, हे त्याला प्रमाणपत्र देणाऱ्यांनी त्या वेळी सांगितले असते, तर हा प्रसंगच आला नसता.

दुसरे बेअरिंग अजून ॲक्सलवर आहे. ते येत्या रविवारी काढायचे तात्यांनी परस्पर जाहीर केले आहे. रविवार हा जोतिबाचा वार असल्याने मी डोंगरावर जाणार आहे, असे मी त्यांना फाटकाबाहेर गाठून स्पष्टपणे सांगितले. त्यांना मुळीच वाईट वाटले नाही.

‘‘जावा की सर, निवांत जावा,’’ ते म्हणाले. ‘‘बॅटरी तेवढी वहिनींकडं देऊन जावा.’’