घट्ट झाकण लावलं म्हणून कॉफीचा वास आत राहत नाही

सध्या एक मेसेज सगळीकडे फिरतोय. घरी कॉफीच्या बिया दळणं म्हणजे नुसतं फॅड, तयार पूड हवाबंद डब्यात घालून फ्रीजमध्ये ठेवा महिनाभर ताजी राहते, कॅफिन काही उडून जात नाही, आणि दळायचंच असेल तर मिक्सर आहेच. लोक हे खरं मानून चालतात आणि चांगल्या बिया वाया जातात याचं मला मनापासून वाईट वाटतं, म्हणून लिहितेय.

आधी तो डबा. झाकण कितीही घट्ट असू दे, आतली हवा आतच असते ना, आणि रोज उघडलं की रोज नवी हवा. भाजलेल्या अख्ख्या बीच्या आत बारीक बारीक पोकळ्या असतात, त्यात कार्बन डायऑक्साइड आणि वासाचे घटक अडकून बसतात आणि कित्येक दिवस हळूहळू सुटत राहतात. दळलं की त्या पोकळ्या फुटतात, बराचसा वायू काही मिनिटांतच निघून जातो, त्याच्याबरोबर वासही जातो, आणि उरलेल्या पुडीला हवा लागायला कितीतरी जास्त पृष्ठभाग मिळतो. खात्री करायची असेल तर ताज्या पुडीवर थोडं गरम पाणी ओता, ती फुगून वर येते, बुडबुडे येतात. जुनी पूड तशीच बसून राहते.

फ्रीजचं तर उलटंच होतं. गार डबा बाहेर काढून उघडला की हवेतला दमटपणा पुडीवर बसतो, शिवाय फ्रीजमधले बाकीचे वासही ती ओढून घेते. अख्ख्या बिया छोट्या छोट्या पाकिटांत सीलबंद करून फ्रीझरमध्ये ठेवणं ही वेगळी गोष्ट आहे, ते चालतं, फक्त काढलेलं पाकीट परत आत ठेवायचं नाही.

कॅफिन उडत नाही हे अगदी बरोबर. पण कॅफिनसाठी कोण दळतंय, दळतो ते चवीसाठी!

आता मिक्सर. पात्याने काही भाग पीठ होतो, काही भाग तुकडेच राहतात. पिठातून कडूपणा पटकन उतरतो, तुकड्यांतून नीट काही उतरतच नाही आणि आंबट पाणचट लागतं, म्हणजे एकाच कपात दोन्ही दोष. बर ग्राइंडरमध्ये दोन दातेरी चकत्यांमधलं अंतर ठरवता येतं म्हणून दाणा बराचसा सारखा पडतो. पण मिक्सरच असेल तर दोन-तीन सेकंद फिरवा, थांबा, भांडं हलवा, परत फिरवा. आत्ता मिक्सरला फिरवलेली कॉफी महिनाभर डब्यात पडलेल्या पुडीपेक्षा मला तरी केव्हाही चालेल.

आणि या मेसेजमध्ये दाण्याच्या जाडीबद्दल एक शब्द नाही, खरं तर निम्मी गंमत तिथेच आहे. एस्प्रेसो, म्हणजे दाबाने गरम पाणी पुडीतून ढकलून केलेली कडक कॉफी, 25 ते 30 सेकंदांत होतो, त्याला बारीक लागते. फ्रेंच प्रेसमध्ये, म्हणजे वरून जाळी खाली दाबून कॉफी गाळायच्या भांड्यात, पूड 4 मिनिटं मुरते, त्याला भरड. मी बरेच दिवस प्रेसमध्ये बारीक पूड घालत होते आणि कडू होते म्हणून बियांना दोष देत होते, भरड दळायला लागले आणि तो कडूपणा गेला.

एक मात्र मान्य, बियाच जुन्या असतील तर दळून काही होत नाही. पाकिटावर भाजल्याची तारीख बघा. अगदी काल भाजलेल्या असतील तर थोडे दिवस थांबा, फार वायू असला की पाणी नीट मुरत नाही.

एकदा करूनच बघा. एकाच पाकिटातल्या थोड्या बिया आज दळून डब्यात ठेवा, आठवड्याने बाकीच्या तेवढ्याच जाड दळा, दोन्हींची 15 ग्रॅमला 250 मिली पाणी घेऊन एकाच वेळी कॉफी करा आणि प्यायच्या आधी दोन्ही कपांचा नुसता वास घ्या.