पणजोबांची थकबाकी

"तक्रार काय आहे?"

"तक्रार नाही साहेब. पणजोबांच्या लष्करी पेन्शनची नोंद बघायची आहे."

"पेन्शन कधीपासून बंद आहे?"

"ते वारले तेव्हापासून."

"मग बरोबरच बंद झाली की!"

आणि अर्ज परत. वर शेरा, 'पीपीओ नंबर नाही', म्हणजे पेन्शन देण्याच्या आदेशाचा क्रमांक नाही. अहो, तो शोधायलाच तर आलो होतो!

माझ्या मागे एक रिटायर्ड सुभेदार उभे होते, हयातीचा दाखला प्लास्टिकच्या पिशवीत धरून. त्यांनी प्रकरण ताब्यात घेतलं.

"थकबाकी मागा."

"सुभेदारसाहेब, त्यांना जाऊन सत्तर वर्षं झाली."

"मग तर भरपूर निघेल! नुसत्या माहितीसाठी कोण फाईल शोधतंय? पैसे मागा. नाही म्हणायला तरी त्यांना ती काढावी लागेल."

मग माझ्याच अर्जाच्या पाठीवर त्यांनी पणजीच्या फॅमिली पेन्शनचा हिशेब मांडला, महागाई भत्त्यासकट. रांगेतले आणखी दोघं त्यात दुरुस्त्या सुचवू लागले. मला राग आला, कारण म्हणणं पटत होतं.

खरं तर पीपीओच्या आधी पलटण कळायला हवी. पहिल्या महायुद्धात शिपायाचा नंबर पलटणीपुरता असे. तोच नंबर शेजारच्या पलटणीत भलत्याचा. बदली झाली की नवा नंबर. त्यात १९२२ साली फेररचना झाली. त्या युद्धात इराकमधल्या कुतच्या वेढ्यात अडकलेली ११०वी मराठा लाइट इन्फंट्री तेव्हा ५व्या मराठा लाइट इन्फंट्रीची तिसरी बटालियन झाली. म्हणजे घरात सगळे 'एकशेदहावी' म्हणणार आणि नंतरच्या कागदावर ३/५. हा अपूर्णांक नव्हे, पत्ता आहे.

घरात पदक असेल तर भिंग घेऊन त्याची कड वाचा. नंबर, हुद्दा, नाव, पलटण, सगळं तिथे ठोकलेलं असतं. ब्रिटिश वॉर मेडल चांदीचं. आमच्या घरी त्याची जोडवी झाली.

नावावर तर मुळीच विसंबू नका. इंग्रजी कागदात आडनाव साहेबाच्या कानाला पटेल तसं उतरायचं, जाधवचं जाधो. कित्येकदा आडनावच नाही, नुसतं रामा बिन सखाराम, म्हणजे सखारामचा मुलगा रामा. असे रामा एका तालुक्यात ढिगाने. म्हणून बापाचं नाव, गाव आणि तालुका एकत्र धरूनच शोधायचं, गावाचं जुनं स्पेलिंगही जमेस धरून.

विधवेची नोंद त्याहून अवघड. सासरी नाव बदललेलं, माहेरचं सांगणारं कुणी उरलेलं नाही, आणि फॉर्मवर त्या बाईसाठी रकाना एकच, तोही सव्वा इंचाचा.