कॅशे क्लिअर करा म्हणे!

साईट स्लो झाली की होस्टिंगवाल्यांचं (ज्यांच्या सर्व्हरवर साईट ठेवलेली असते त्यांचं) ठरलेलं उत्तर, कॅशे म्हणजे साठवलेल्या जुन्या प्रती क्लिअर करा, प्लगइन म्हणजे साईटला जोडलेली जास्तीची सॉफ्टवेअर बंद करा, नाहीतर वरचा प्लॅन घ्या. अरे पण आधी बघा तर खरं! नागपूरच्या इतवारीतल्या एका साडीवाल्या काकांची वर्डप्रेसवर (साईट बनवायच्या सॉफ्टवेअरवर) चालणारी साईट मी सांभाळतो, रोज संध्याकाळी ७ नंतर पहिला बाइट, म्हणजे सर्व्हरचं उत्तर सुरू व्हायलाच, ६-७ सेकंद लागतात आणि सकाळी तीच साईट झटक्यात उघडते, कोड तोच, प्लगइन तेच, मग संध्याकाळी काय बदलतं? शेअर्ड सर्व्हरवर, म्हणजे एकाच मशीनवर अनेकांच्या साईट असतात तिथं, दुसरा कोणीतरी सीपीयू नाहीतर डिस्क खातोय, दुसरं काय. वेळेसकट स्क्रीनशॉट पाठवले, नुसती साधी एचटीएमएल फाईल टाकून दाखवली, तीही रखडते, म्हणजे वर्डप्रेसचा दोष नाही ना बापा. तरी चॅटवर नवीन माणूस आला की पुन्हा पहिल्यापासून सगळं रामायण सांगा, आणि शेवटी काही न करताच तिकीट, म्हणजे आपली तक्रार, ‘रिझॉल्व्ड’. काहून? सरळ सांगा ना, हो, लोड आहे, हा घ्या ग्राफ, उद्यापर्यंत दुसऱ्या सर्व्हरवर हलवतो. एवढं बोलले तरी माणूस थांबतो, खरंच थांबतो. इकडे काका रोज फोन करतात, "झालं का रे?", दिवाळी तोंडावर आलीये, काय सांगू मी त्यांना.