काळ्या टी-शर्टमागचं मीठ

काळा सुती टी-शर्ट रंगवायला मीठ लागतं, आणि तेही भरपूर. रिअ‍ॅक्टिव्ह रंग, म्हणजे सुताशी रासायनिक बंध जोडणारा रंग, सुतात नीट उतरावा म्हणून गडद शेडला लिटरमागे ६० ते ८० ग्रॅम मीठ घालतात, कधी साधं, कधी ग्लॉबर सॉल्ट (सोडियम सल्फेट). हिशेब मांडला तर किलोभर कापडामागे अर्धा किलोच्या आसपास, म्हणजे एका टी-शर्टमागे शंभरेक ग्रॅम. रंग कापडावर चढतो, मीठ चढत नाही. ते जवळपास सगळं पाण्याबरोबर बाहेर पडतं. शिवाय न चिकटलेला रंग धुऊन काढायचा असतो, त्याचं पाणी वेगळं. गडद शेडचं एक किलो कापड तयार होईपर्यंत ५०-६० लिटर पाणी सहज जातं.

मी इचलकरंजीत एका प्रोसेस हाऊसच्या, म्हणजे कापड रंगवणाऱ्या-धुणाऱ्या कारखान्याच्या, लॅबमध्ये काम करते. शेड (रंगाची छटा) जुळवणं, लॅब डिप म्हणजे नमुन्याचा तुकडा आधी रंगवून बघणं, धुलाईत रंग किती उतरतो ते बघणं, हे माझं रोजचं काम. टिकाऊ फॅशनबद्दल हल्ली खूप वाचायला मिळतं. कमी कपडे घ्या, हातमाग वापरा, आईच्या साडीचा ड्रेस शिवून घ्या. चांगलंच आहे, जमेल त्याने जरूर करावं. पण या सगळ्यात रंगाईच्या पाण्याचा विषय क्वचितच निघतो, आणि निघाला तर ‘कारखानदार बदमाश’ एवढ्यावर मिटतो. मला आतून जे दिसतं ते असं, की कापड स्वच्छ रंगवायचं तंत्र आज आहे. घोडं अडतं ते भाव आणि मुदत या दोन गोष्टींवर. आणि त्या दोन्ही ठरवणाऱ्याला नदीचं पाणी प्यावं लागत नाही.

तमिळनाडूतल्या तिरुप्पूरचं उदाहरण प्रत्येकाने माहीत करून घ्यावं असं आहे. होजिअरीचं हे गाव नोय्यल नदीच्या काठावर आहे. जगभरातल्या दुकानांत टांगलेले टी-शर्ट तिथून जातात. रंगाईचं पाणी वर्षानुवर्षं नदीत जात राहिलं. १९९२ मध्ये नोय्यलवर शेतीसाठी ओराथुपालयम धरण बांधलं, आणि काही वर्षांतच त्यात पिकाला घालण्याजोगं पाणी उरलं नाही. धरणाचं पाणी सोडू नका, असं खालचे शेतकरीच सांगू लागले. धरणग्रस्त माणसं आपल्याला माहीत आहेत, इथे धरणाचा लाभधारकच धरणाला भ्यायला लागला होता. शेतकरी कोर्टात गेले, अनेक वर्षं झगडले, आणि जानेवारी २०११ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने सगळ्या डाइंग युनिटना टाळं लावायचा आदेश दिला. सातशेच्या आसपास युनिटं बंद पडली.

पुन्हा सुरू करायची अट होती: थेंबभरही पाणी बाहेर सोडायचं नाही. ‘झेडएलडी’ म्हणतात त्याला. आधी जिवाणूंची प्रक्रिया, मग आरओ, आणि शेवटी उरलेलं खारं पाणी वाफेवर आटवायचं. आज तिरुप्पूरमध्ये हे चालतं. नव्वद टक्क्यांहून जास्त पाणी परत रंगाईला येतं, मिठाचं पाणीही बऱ्याच अंशी पुन्हा वापरतात. ज्यांना वाटतं की आपल्या देशात असलं काही होणारच नाही, त्यांनी हे लक्षात घ्यावं.

पण किंमत मोजावी लागली. बंदीच्या काळात लहान डाइंगवाले कायमचे बसले. काही काम आसपासच्या जिल्ह्यांत चोरून होऊ लागलं, म्हणजे घाण नुसती दुसरीकडे सरकली. आटवायला वाफ लागते, वाफेला लाकूड नाही तर कोळसा. आणि शेवटी उरलेल्या मिश्र मिठाचं काय करायचं हे अजून नीट सुटलेलं नाही, पोतीच्या पोती गोदामात रचून ठेवावी लागतात. तरीही मी तिरुप्पूरच्याच बाजूने बोलेन. गोदामातलं पोतं मोजता येतं, हलवता येतं. विहिरीत उतरलेलं मीठ कोण मोजणार आणि कसं काढणार?

आता आमच्याकडे या. १९०४ मध्ये विठ्ठलराव दातारांनी इचलकरंजीत पहिला यंत्रमाग बसवला. आज लाखाहून जास्त माग आहेत, सायझिंग (सुताला खळ देणं), प्रोसेस, सगळं एका गावात. आणि पंचगंगेच्या काठावरचं हे शहर पिण्याचं पाणी आणायला मजरेवाडीला कृष्णेवर जातं. तेही पुरत नाही म्हणून दूधगंगेवरची सुळकूड योजना मागितली, तर कागल भागातल्या गावांनी विरोध केला. त्यांचं म्हणणं साधं आहे: तुमच्या दारातली नदी तुम्ही आधी नीट करा. मला या म्हणण्यात चूक काढता येत नाही.

न्यायाने बोलायचं तर पंचगंगा एकट्या कापडाने नासवलेली नाही. कोल्हापूर आणि इचलकरंजीचं सांडपाणी आहे, साखर कारखाने आहेत, काठावरची गावं आहेत. पण पंचगंगेला मिळणारा काळा ओढा आमचा आहे. त्याला ते नाव कशावरून पडलं, हे इथल्या शाळकरी पोरालाही सांगावं लागत नाही. ‘आमच्यापेक्षा मैलापाणी जास्त आहे’ हे धंद्यातलं आवडतं उत्तर मी बैठकांत ऐकते तेव्हा मला चीड येते. दुसऱ्याचं जास्त आहे म्हणून आपलं माफ होत नाही, खाली शिरोळ तालुक्यातली माणसं दोन्ही पाणी एकत्रच पितात.

मग तंत्र कोणतं? एक सांगते, कारण ते नवंही नाही. कोल्ड पॅड बॅच. कापड रंग आणि अल्कलीच्या द्रावणातून काढून पिळायचं, रोलावर गुंडाळायचं, वरून प्लास्टिक लपेटायचं आणि बारा-सोळा तास सावकाश फिरवत ठेवायचं. रंग थंडच चढतो. मीठ लागत नाही, वाफ वाचते, पाणी कमी लागतं. आमच्याकडच्या मागावर विणलेल्या कापडाला तर अगदी सोयीचं. मग सर्रास का होत नाही? मशीनचा खर्च आहे, ते खरंच. पण मोठं कारण ऑर्डरीच्या स्वरूपात आहे. या पद्धतीला लांब लॉट लागतो आणि वेळ लागतो. आणि बाजार नेमका उलट्या दिशेने पळतोय. पूर्वी एका शेडचा मोठा लॉट यायचा. आता एकाच क्वालिटीत आठ शेड, प्रत्येकी थोडे थोडे मीटर, आणि माल परवा पाहिजे. काळ्यानंतर त्याच जिगरवर, म्हणजे रंगाईच्या मशीनवर, बेबी पिंक घ्यायचा तर कॉस्टिक आणि हायड्रोज (रंग उतरवणारं रसायन) टाकून मशीन उकळून धुवावं लागतं. त्या धुण्यात एक मीटर कापडही रंगत नाही, पाणी मात्र तेवढंच जातं. फास्ट फॅशन म्हणजे नुसते स्वस्त कपडे असं लोक समजतात. आमच्या बाजूने बघितलं तर फास्ट फॅशन म्हणजे हे उकळून धुणं.

त्यात रिडाय, म्हणजे रंगवलेलं कापड पुन्हा रंगवणं. एका मोठ्या खरेदीदाराने तयार झालेला अख्खा लॉट ‘शेड किंचित निळसर आहे’ म्हणून परत पाठवला होता. दिव्याखाली शेजारी शेजारी ठेवल्याशिवाय फरक कळला नसता. रंग उतरवून पुन्हा रंगवला, म्हणजे पाणी, रसायन, वाफ सगळं दुप्पट, आणि खर्च आमचा. त्याच खरेदीदाराच्या पर्यावरण विभागाकडून पाणीबचतीची लांबलचक प्रश्नावली येते. ती भरणारी माणसं प्रामाणिक असतील, मला शंका नाही. पण शेडमध्ये किती फरक चालेल ही सूट ठरवणारा विभाग आणि पाण्याचा विभाग एका टेबलावर बसत नाहीत, तोवर त्या प्रश्नावलीने नदीत काही फरक पडणार नाही.

लेबलांबद्दल थोडक्यात. बाटल्यांपासून बनवलेला पॉलिस्टर टी-शर्ट मला फार कौतुकाचा वाटत नाही. बाटलीची पुन्हा बाटली होऊ शकते, त्या टी-शर्टचा पुन्हा टी-शर्ट सहसा होत नाही. सेंद्रिय कापसाचं म्हणाल तर २०२० मध्ये ‘गॉट्स’ या प्रमाणपत्राचे निकष ठरवणाऱ्या जागतिक संस्थेनेच भारतातल्या सुमारे २०,००० टन कापसाचा बनावट कागदपत्रांचा घोटाळा उघड केला. यात खरोखर सेंद्रिय शेती करणारा शेतकरी नाहक बदनाम होतो. आणि स्वीडनच्या रिन्यूसेलने जुन्या सुती कपड्यांपासून लगदा करणारा मोठा कारखाना २०२२ मध्ये सुरू केला, तंत्र चाललं, पण पुरेशा ऑर्डरी आल्या नाहीत आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये कंपनीने दिवाळखोरी जाहीर केली. म्हणजे भाषणं झाली, माल कुणी उचलला नाही.

म्हणून स्वेच्छेवर माझा विश्वास राहिलेला नाही. ढाक्याजवळची राणा प्लाझा इमारत २४ एप्रिल २०१३ ला कोसळली, ११०० हून जास्त कामगार गेले. आदल्या दिवशी भेगा दिसल्या होत्या. खालची बँक आणि दुकानं बंद राहिली, शिवणकामाच्या मजल्यांवर मात्र माणसांना कामावर बोलावलं. त्याआधी मोठ्या ब्रँडांकडे आचारसंहिता होत्याच. फरक पडला तो नंतर, ब्रँडांचा कामगार संघटनांबरोबर कायद्याने बांधून घेणारा करार सह्यांनिशी झाला तेव्हा. दीड हजाराहून जास्त कारखान्यांची तपासणी झाली, दुरुस्त्या झाल्या. इमारतीसाठी जे झालं ते पाण्यासाठी का होऊ नये?

नियम करायचाच तर देशभर एकच करा. फक्त इचलकरंजीला अट घातली तर काम सुरतेला जाईल, राजस्थानात पालीला जाईल, बालोत्र्याला जाईल. पालीची बांडी नदी आणि बालोत्र्याची लुणी आधीच आमच्यासारखं भोगून बसल्या आहेत. आणि लहान प्रोसेसवाल्याकडून झेडएलडीची अपेक्षा करताना त्याचे पैसे वेळेवर मिळतील हेही बघा. लहान उद्योगाचं बिल ४५ दिवसांत चुकवलं नाही तर आयकरात वजावट अडते, हा नियम आला तेव्हा बाजारात केवढी ओरड झाली! ज्याचे पैसे चार-चार महिने अडकतात, तो बाष्पीभवनाचा प्लँट कशावर उभा करणार?

खर्च वाढेल का? वाढेल. पण किलोमागचा वाढीव खर्च चार-पाच टी-शर्टांत वाटला जातो. शोरूममधल्या किमतीपुढे तो भार मोठा नाही. प्रोसेसच्या मीटरमागच्या तुटपुंज्या भावापुढे मात्र तो डोंगराएवढा होतो. म्हणून तो शोरूमच्या बाजूने यायला हवा.

माझ्या मित्रयादीत मुंबई-पुण्यात ब्रँडच्या सोर्सिंगला, मर्चंडायझिंगला (माल ठरवून मागवणाऱ्या विभागांत) असणारे बरेच जण आहेत. ही पोस्ट खरं तर तुमच्यासाठी लिहिली आहे. पुढच्या ऑर्डरीत तीन गोष्टी लेखी द्या. आठवडाभर जास्त मुदत. गडद शेडमध्ये फरकाची थोडी जास्त सूट, म्हणजे दिव्याखालीच कळणारा फरक चालवून घ्या, नुसत्या डोळ्यांना दिसेल तेवढाच धरा. आणि पाणी शुद्ध करायचा खर्च भावात न गाडता बिलावर वेगळ्या ओळीत. कोल्ड पॅड बॅचवर किती शेड बसतील याची यादी हवी असेल तर मला मेसेज करा, मी करून देते.